जामीन कोण राहतो?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'दहशत' हा विषय दिला आणि एक अट घातली : मुंबईचं अंडरवर्ल्ड वाचून वाचून लोक कंटाळलेत, आपल्या बाजूचं लिहा. आपली बाजू म्हणजे सांगली, मिरज, कुपवाड आणि त्यांच्या कुशीतलं माधवनगर.

माधवनगरला गेल्यावर पहिल्यांदा शंका येते की आपण चुकीच्या ठिकाणी आलो. संस्थानाच्या काळात व्यापारासाठी आखून वसवलेलं हे गाव. सरळ रस्ते, वारांच्या नावांच्या पेठा, कापडाची दुकानं, आतल्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट. एका बाजूला बुधगाव, दुसऱ्या बाजूला सांगली, थोडं पलीकडे कुपवाडची एमआयडीसी. इथली कापूस गिरणी बंद पडून जमाना झाला. चहाच्या गाड्यावर टोळ्यांचा विषय काढला की माणसं आधी हसतात. तसलं काही आपल्याकडं नाही, ते तिकडं शहरात, असं म्हणतात. शहरात विचारलं की लोक उपनगराकडं बोट दाखवतात, उपनगरात विचारलं की एमआयडीसीकडं.

कोपऱ्यावरचा फ्लेक्स मात्र लपत नाही. मधोमध गॉगल लावलेला एक चेहरा, खाली पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या दोन-तीन रांगा, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याचा वाढदिवस त्याच्या नावापुढं कोणतं पद नाही, धंदा नाही, पक्षही नाही. रांगेतले बहुतेक चेहरे अठरा ते बावीस वर्षांचे. सांगलीपासून तासगावपर्यंत कुठल्याही रस्त्याला असे फलक दिसतात. यातले बहुसंख्य लोक कधीही कसल्या गुन्ह्यात सापडणार नाहीत. पण जे सापडतात, त्यांचा प्रवास कसा होतो हे पाहायला मी निघालो आणि दर वेळी एकाच दारापाशी येऊन थांबलो. ते दार तुरुंगाचं.

हाताला काम

टोळीची सुरुवात फारशी नाट्यमय नसते. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटतं. एमआयडीसीत ठेकेदाराकडं काम मिळतं, तेही महिन्यातले काही दिवस. मग कुणीतरी सोबत यायला सांगतं. एखाद्या प्लॉटवर दोन दिवस बसून राहायचं, कारण त्या जागेचा वाद कोर्टात आहे आणि ताबा आपला दिसला पाहिजे. खासगी सावकाराच्या वसुलीला जायचं; बोलायचं काही नाही, फक्त दारात उभं राहायचं. रात्री वाळूच्या गाडीपुढं मोटारसायकल चालवायची. मटक्याच्या टपरीवर हिशेब बघायचा. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे आणि मिरजेहून म्हैसाळमार्गे कागवाड, म्हणजे कर्नाटकची हद्द, अगदी हाकेच्या अंतरावर. तेव्हा तिकडून माल आणायलाही पोरं लागतात.

या सगळ्या कामांत एक समान गोष्ट आहे. त्यांचे वाद कोर्टात नेता येत नाहीत. बेकायदा सावकाराला दिवाणी दावा लावता येत नाही, मटकेवाल्याला पोलिसांत फिर्याद देता येत नाही. दिवाणी कोर्टात वीस वर्षं अडकलेल्या जागेच्या मालकाला दावा लावता येतो, पण निकाल मिळत नाही. जिथं कायद्याचा निवाडा पोचत नाही किंवा फार उशिरा पोचतो, तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दाला किंमत येते. त्या शब्दामागं भीती लागते आणि भीतीमागं माणसं. भाईचा खरा धंदा हा. मारामारी ही त्याची जाहिरात.

जाहिरातीचं साधन बदललं आहे. ऊसपट्ट्यात कोयता प्रत्येक घरात असायचा, तो ऊस तोडायला. आता तोच कोयता रीलमध्ये दिसतो. तलवारीनं केक कापल्याचे गुन्हे शस्त्र कायद्याखाली दाखल होतात आणि गुन्हा दाखल झाल्याच्या बातमीचं कात्रण पुन्हा स्टेटसला लागतं. हद्द मोठी नसते. एखादी पेठ, एखादा चौक, एखादं कॉलेजचं गेट. दोन गटांत खुन्नस सुरू व्हायला बघून शिट्टी मारणं पुरतं. त्या खुन्नसीतून एखाद्या रात्री कुणाच्या तरी डोक्यात वार बसतो, पोरांच्या भाषेतला 'हाफ मर्डर' होतो आणि पाच जण एकदम आत जातात. त्यात तिघं वार करणारे असतात, एक गाडी चालवणारा असतो आणि एखादा नुसताच बरोबर गेलेला.

या शेवटच्या पोराकडं लक्ष ठेवा. पुढची गोष्ट त्याची आहे.

विजयनगरच्या आवारात

सांगलीचं जिल्हा न्यायालय आता विजयनगरला, सांगली-मिरज रस्त्यावर आहे. सकाळी अकराच्या सुमाराला पोलिसांची गाडी आत येते. गाडीच्या जाळीला बोटं दिसतात. झाडाखाली थांबलेली माणसं पुढं सरकतात, पण दोन वेगवेगळ्या चालींनी.

पहिली चाल आईची. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात बिस्किटांचे पुडे आणि धुतलेला शर्ट. तिला वकिलाचं नाव नीट सांगता येत नाही, कोर्टाच्या खोलीचा नंबर तर नाहीच. ती शिपायाला विचारते, शिपाई कारकुनाकडं पाठवतो, कारकून बोर्ड बघायला सांगतो. बोर्डावर प्रकरणांचे आकडे असतात. पोराचं नाव त्यात शोधायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. दुपारी कळतं की तारीख पडली. त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते.

दुसरी चाल पांढऱ्या शर्टातल्या तिघा-चौघांची. त्यांना सगळं ठाऊक असतं. कुठली खोली, कुठले साहेब, सरकारी वकील आज आलेत की रजेवर, सगळं. त्यांच्यातला एक जण वकिलाच्या मागं फाइल घेऊन चालतो. गाडीतून उतरणाऱ्या पाचही जणांना ते नावानं हाक मारतात. पाचव्यालाही. त्याची आई पिशवी धरून उभी असते, तिला खुर्ची मिळवून देणारे तेच, चहा आणून देणारेही तेच. वकिलाचं बघू, मावशी, तुम्ही जावा घरी, एवढं त्यांनी सांगितलं की तिच्या डोक्यावरचा भार निम्मा उतरतो.

त्या क्षणी त्या घराचा हिशेब मांडला जातो. धमकी नाही, शपथ नाही, रक्ताचा टिळा नाही. पोरगा टोळीचा झाला तो तिथं, न्यायालयाच्या आवारात, भर दुपारी.

आत गेल्यावर

सांगलीचं कारागृह शहराच्या ऐन मध्यावर, गणेशदुर्गात आहे. जुना कोट, भोवती खंदकाच्या खुणा, शेजारी राजवाडा आणि बाजारपेठ. गुन्हा गंभीर असला, कैदी वजनदार असला किंवा इथं जागा नसली की रवानगी कोल्हापूरला कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात. बाहेर राहणाऱ्यांना तुरुंग म्हणजे शिक्षा भोगणाऱ्यांची जागा वाटते. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. शंभरांच्या जागेत सरासरी १३१ माणसं झोपत होती.

गर्दीचा अर्थ आकड्यात कळत नाही. तो झोपायच्या जागेत कळतो. बराकीत नव्यानं आलेल्याला संडासाजवळची जागा मिळते. खिडकीखालची, पंख्याखालची जागा आधीच कुणाची तरी असते. आंघोळीच्या पाण्याला रांग, नळाला रांग, कॅन्टीनमधून काही घ्यायचं तर घरून पैसे जमा व्हावे लागतात. शिपाई मोजके, कैदी शेकड्यांत. संध्याकाळी बराकीला कुलूप लागलं की सकाळपर्यंत आतला कारभार आतल्यांचाच. अशा ठिकाणी एकटा माणूस पहिल्याच रात्री ओळख शोधतो. कुठला रे तू, हा प्रश्न येतो. गावाचं नाव, पेठेचं नाव, कुणाचा माणूस हे सांगितलं की जागा सरकते.

भाईच्या माणसांजवळ गेलं की बरंच मिळतं : नीट झोपायची जागा, साबण, घरी निरोप, भांडणात पाठीशी उभी राहणारी चार माणसं. बदल्यात लगेच काही मागितलं जात नाही. उधारीची खासियत हीच असते.

भांडणं कशावरून होतात हे कळंब्यानं जून २०२४ मध्ये दाखवलं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याला आतल्याच काही कच्च्या कैद्यांनी ठार मारलं. वाद अंघोळीच्या हौदापाशी झाला आणि हत्यार म्हणून वापरलं गेलं ते ड्रेनेजचं झाकण. देशाला हादरवणाऱ्या कटातला माणूस अखेर पाण्याच्या जागेवरून मेला. याच कळंब्याच्या कारागृहात अंबाबाईच्या देवळाचे प्रसादाचे लाडू कैद्यांनी वळले आहेत, आणि याच कारागृहाच्या भिंतीवरून गांजा आणि मोबाइलची गाठोडी आत फेकल्याचे प्रकारही उघडकीला आले आहेत. तीच भिंत, तेच हात. कुणाच्या हाती कोणतं काम पडतं यावर बरंच ठरतं.

भिंतीवरून आत येणाऱ्या मोबाइलची किंमत आत अनेक पटींनी वाढते. ज्याच्याकडं फोन त्याच्याकडं बाहेरचं जग. सरकारनं कैद्यांसाठी अधिकृत फोनची, व्हिडिओवरून मुलाकतीची सोय केली आहे. ती जितकी सहज मिळेल तितकी भाईच्या फोनची किंमत उतरेल. तुरुंग प्रशासनाला हे कळत नाही असं नाही. माणसं कमी, जागा कमी, आणि रोज दारात नवी गाडी.

जगाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया

हे सांगलीचं दुखणं सांगलीपुरतं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ट्रेसी नावाच्या गावी तरुण गुन्हेगारांसाठीचं एक सुधारगृह होतं. १९५७ मध्ये तिथं लॉस एंजेलिसच्या वस्त्यांतल्या काही मेक्सिकन वंशाच्या पोरांनी आपसांतली वैरं बाजूला ठेवून एक गट केला. हेतू एवढाच की आत आपल्याला कुणी लुबाडू नये. पुढं तो 'मेक्सिकन माफिया' झाला. काही दशकांनी असा दिवस आला की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावरच्या टोळ्या तुरुंगात बसलेल्या या मंडळींना आपल्या कमाईतला वाटा देऊ लागल्या.

बाहेरच्या मोकळ्या माणसांनी आत अडकलेल्यांना पैसे का द्यावेत? डेव्हिड स्कार्बेक या अर्थशास्त्राच्या अभ्यासकानं याचं सरळ उत्तर दिलं आहे. रस्त्यावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की कधी ना कधी आपण आत जाणार. आत गेल्यावर ज्यांच्या हाती जीव असेल त्यांना आज नाराज करणं परवडत नाही. तुरुंग लहान होते, माणसं एकमेकांना ओळखत होती, तोवर जुन्या कैद्यांचे अलिखित नियम पुरत होते. कैद्यांची संख्या भरमसाट वाढली, अनोळखी आणि तरुण गर्दी आली, नियम कोलमडले आणि त्यांची जागा टोळ्यांनी घेतली.

ब्राझीलमध्ये तर याहून उघड घडलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगातलं बंड मोडताना पोलिसांनी १११ कैदी मारले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, ताउबाते इथल्या तुरुंगात काही कैद्यांनी एक संघटना काढली; पीसीसी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. कैद्यांवरचा अन्याय हा तिचा पहिला मुद्दा होता. सभासदांकडून वर्गणी, त्यातून वकील, आणि दूरच्या तुरुंगात भेटीला जाणाऱ्या बायकामुलांसाठी बसगाड्या. सरकारनं म्होरक्यांना पांगवण्यासाठी दुसऱ्या राज्यांतल्या तुरुंगांत हलवलं, तेव्हा संघटना त्यांच्याबरोबर तिथं पोचली. मे २००६ मध्ये या माणसांनी आतून इशारा दिला आणि साओ पावलो शहर काही दिवस ठप्प झालं.

बसगाडीचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. विजयनगरच्या आवारातली खुर्ची आणि चहा हे त्याचंच सांगली रूप आहे.

गिरणगाव, कुपवाड, विटा

महाराष्ट्रात याची पहिली मोठी शाळा भरली गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला, आणि गिरण्याही. भायखळा-सातरस्त्याच्या चाळींतल्या पोरांपुढं वडिलांची नोकरी उरली नाही. रमा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची टोळी याच मुलखातली. १९८७ मध्ये बाबू रेशीम पोलीस कोठडीत असताना तिथं घुसून त्याचा खून झाला. कोठडीसुद्धा सुरक्षित नाही, आपली माणसं हवीतच, हा धडा त्या पिढीनं घेतला.

१९९९ मध्ये सरकारनं मोक्का आणला. संघटित गुन्हेगारीवर उतारा म्हणून तो आला आणि मुंबईतल्या टोळ्यांवर त्याचा परिणामही दिसला. पण तालुक्याच्या पातळीवर त्याचा एक उलटा परिणाम आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. मोक्का लावायचा तर टोळी दाखवावी लागते : टोळीप्रमुख कोण, सदस्य कोण, गेल्या दहा वर्षांत किती आरोपपत्रं. पोलीस कायद्याच्या कलम ५५ खाली तडीपार करतानाही तसंच, अमक्याची टोळी म्हणून आदेश निघतो. कट्ट्यावर एकत्र चहा पिणारी पोरं सरकारी कागदावर एका नावाखाली बांधली जातात. मग ती एका खटल्यात, एका गाडीत, एका तारखेला, वर्षानुवर्षं एकत्र राहतात. आरोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात. जामीन तर फारच लांब. बाहेर येईपर्यंत कागदावरची टोळी खरी झालेली असते. तडीपार झालेला पोरगा इचलकरंजी नाहीतर अथणीला जाऊन राहतो आणि तिथं त्याच्या नव्या ओळखी होतात.

ओळखींचं पुढं काय होतं ते आता आपल्याच जिल्ह्यात दिसतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला, त्याचे धागे थेट कुपवाडला पोचले आणि इथून १०० किलोहून जास्त माल निघाला. माधवनगरपासून कुपवाड काही लांब नाही. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखानाच सापडला. मालाची किंमत पोलिसांनी २९ कोटींच्या घरात सांगितली. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या भाषांची ही माणसं एकत्र आली कशी? या तपासांतून तुरुंगात जुळलेल्या ओळखींचा धागा पुढे आला. माल कसा करायचा हे जाणणारा एक, जागा असणारा दुसरा, गिऱ्हाईक असणारा तिसरा. एरवी या तिघांची गाठ कुठं पडली असती?

तुरुंगातून सुटणं हाही आता सोहळा झाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्याचा गजानन मारणे तळोजा कारागृहातून सुटला तेव्हा द्रुतगती महामार्गावर गाड्यांचा ताफा निघाला आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. त्यावर पुन्हा गुन्हे दाखल झाले ते खरं, पण माधवनगरच्या कोपऱ्यावर ती चित्रफीत ज्यांनी पाहिली त्यांच्या डोक्यात कलमं राहिली नाहीत, गाड्या राहिल्या.

कोटावरून उडी

गणेशदुर्गाचा तो कोट एका वेगळ्या टोळीसाठीही प्रसिद्ध आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या घेतल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांना गोळी लागली. दादांचं पद्माळे हे गाव इथून जवळच. पुढं ते मुख्यमंत्री झाले. तीच भिंत, तीच कोंडलेली तरुण पोरं. बांधणारा धागा मात्र वेगळा होता.

त्याच वर्षांत कृष्णाकाठी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. इंग्रजी अंमल ढिला पडल्यावर गावोगाव दरोडेखोर आणि गावगुंड माजले, काहींनी तर चळवळीचंच नाव वापरलं. प्रतिसरकारनं त्यांचा बंदोबस्त केला, त्यांच्या शिक्षांची भीती आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. पण शिक्षेइतकंच दुसरं काम होतं : गावात न्यायनिवाडा, जमिनीचे आणि सावकारीचे तंटे मिटवणं, कमी खर्चात लग्नं. भाईची जागा भरून काढणारं काम कुणीतरी केलं, म्हणून भाईला जागा उरली नाही.

त्या काळानंतरही कृष्णाकाठानं फरारी माणसांवर जीव लावला. वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर खुनानंतर वर्षानुवर्षं डोंगरात राहिले, जन्मठेप भोगून परतले, शेवटी प्रवचनं करत फिरले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यावर पोवाडे झाले, सिनेमा झाला. गोरगरिबांच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस ही त्यांची प्रतिमा. आजचा प्रत्येक चौकातला भाई ती प्रतिमा उसनी घेतो. फ्लेक्सवर वाघ असतो तो त्यामुळंच. फक्त त्याचं गिऱ्हाईक गरीब असतं, आणि ज्याच्याकडून तो वसूल करतो तोही.

आटपाडीचा माळ

याच जिल्ह्यात, आटपाडीजवळ, तुरुंगाचा अगदी निराळा प्रयोग झाला आणि आजही चालू आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात, स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून आलेला अभियंता, गांधींचा अनुयायी, त्यामागं होता. भिंत नाही. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना माळरानावर जमीन कसायला द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ'ची कल्पना इथली. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले.

सिनेमा पाहून स्वतंत्रपूर म्हणजे एका भल्या जेलरची माया वाटते. प्रत्यक्षात ती एक व्यवस्था आहे आणि तिचं गणित स्वच्छ आहे. कैद्याचं घर त्याच्याजवळ आहे, म्हणून निरोपासाठी त्याला भाई लागत नाही. हाताला काम आहे, म्हणून कॅन्टीनच्या पैशांसाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. माणसं मोजकी आहेत, म्हणून पहारेकरी प्रत्येकाला नावानं ओळखतो. टोळी ज्या ज्या गोष्टी पुरवते, त्या सगळ्या इथं दुसरीकडून मिळतात.

अडचण एकच. इथं जागा जेमतेम काही डझन माणसांची, आणि तीही शिक्षा लागलेल्या, वर्तन चांगलं असलेल्या पक्क्या कैद्यांना. आपला तो पाचवा पोरगा, ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय, त्याला स्वतंत्रपुरात प्रवेश नाही. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्याला मोकळा माळ आणि निर्दोष असू शकणाऱ्याला संडासाजवळची जागा, असा हा उलटा न्याय आहे.

ऐपतीचा दाखला

म्हणून पुन्हा जामिनाकडं यायला हवं. पाचव्या पोराला कोर्टानं जामीन दिला तरी तो सुटतोच असं नाही. हमी घेणारा जामीनदार लागतो. त्याच्याकडं सातबारा किंवा घराचा उतारा हवा, तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला हवा, आणि स्वतः कोर्टात उभं राहायची तयारी हवी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या ओळखीत अशी माणसं किती असतील? चुलता जमिनीचा मालक असतो, पण खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये सही करायला तो तयार नसतो. याच अडचणीवर बनावट जामीनदारांचा धंदा उभा राहिला आहे. खोट्या कागदांवर पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांना पुण्यात पोलिसांनी पकडलेलं आहे. आणि याच अडचणीवर भाई जामीनदार आणून देतो. त्या सहीचं कर्ज फेडायला पुढची दहा वर्षं पुरतात.

ही गोष्ट न्यायालयांना नवी नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाला न झेपणाऱ्या जामिनावर बोट ठेवलं होतं. त्या गवंड्याच्या भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात होती म्हणून त्याची हमी नाकारली होती. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट सूचना दिल्या : जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंगानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात कागद पुरे झाले नाहीत तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टानं आपणहून करावा. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनाच्या रकमेसाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत देणारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेतलं कलम ४७९ सांगतं की पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला सोडावं, आणि तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करावा. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले अंगावर असले तरीही नाही.

या शेवटच्या अटीतच सगळं आहे. पहिल्या गुन्ह्यात, तो जन्मठेपेचा नसेल तर, पोरगा एकटा सुटू शकतो. दुसरा गुन्हा लागला की कायद्याचं हे दार बंद होतं आणि भाईचं तेवढं उघडं राहतं. म्हणजे राज्याला मिळणारी संधी फार थोडी आहे : पहिली अटक, पहिला महिना. त्या महिन्यात आईला कोर्टाची खोली कुणी दाखवली, विधी सेवेचा वकील बराकीत जाऊन त्या पोराला भेटला का, ऐपतीचा दाखला किती दिवसांत निघाला, यावर पुढचे सगळे मोक्के आणि तडीपारीचे आदेश ठरतात.

भीतीनं भाईला तोडता येत नाही हे आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्याच पोलीस कोठडीत एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला. त्यानंतर शहरातला किती गुन्हा कमी झाला कुणालाच सांगता येणार नाही, पण पोलिसांपेक्षा आपली माणसं बरी असं म्हणणाऱ्या घरांत भर पडली हे कुणीही सांगेल.

सांगलीला फार मोठी योजना लागत नाही. सगळे कायदे आहेत, सूचना आहेत, पैशाची तरतूद आहे. विजयनगरच्या आवारात विधी सेवेचं टेबल असलं पाहिजे, त्यावर रोज माणूस असला पाहिजे, आणि पोलिसांची गाडी आली की तो माणूस पांढऱ्या शर्टातल्या पोरांच्या आधी त्या आईपर्यंत पोचला पाहिजे. पोचला नाही, तर आपण दहशतीच्या बातम्या वाचत राहू आणि टोळ्यांची भरती सरकारी गाडीनं, सरकारी डिझेलवर, दर तारखेला होत राहील.